सहाशे चकत्या जमीन

रुपयाच्या नाण्याएवढी जमीन बनवून हवी आहे, असं सेठने मला सांगितलं तेव्हा उन्हाने त्याचं डोकं फिरलं असावं असंच मला वाटलं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही सुरतेत उधन्याला राहत होतो. नवरा मिलमध्ये, दोघी मुली शाळेत. गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या बटणांचा छोटा कारखाना होता. तिथली बटणं कार्डांवर शिवून द्यायचं काम मी घेई आणि आणखी पाच जणींना धरून आमच्या पुढच्या खोलीत करी. सहा वर्षांत आमचं एकही कार्ड परत आलं नव्हतं, याचा मला ताठा होता. पण आता सेठ बटणं शिवायचं मशीन आणणार होता, आणि ते आलं की आमची खोली रिकामी होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत बोटाच्या पेराएवढा शिशाचा पुतळा होता. सेठचा एक नातेवाईक परदेशात खेळण्यांच्या धंद्यात होता. तिकडे म्हणे नोकरीधंदा करणारे दाढीमिशांचे पुरुष टेबलावर असे सैनिक मांडून लढाया खेळतात. सैनिक ते स्वतः रंगवतात, पण प्रत्येकाच्या पायाखाली गोल चकती लागते आणि त्या चकतीवर खरी वाटेल अशी जमीन. ती तयार मिळाली तर त्यांना हवी होती.

"चकती मारी पासे छेज, बेन," सेठ म्हणाला. "बटणच ते. फक्त भोकं पाडायची नाहीत. जमीन तुम्ही करा."

पहिली खेप सहाशेची. ती पसंत पडली तर काम आमच्या खोलीत राहणार. नाही पडली तर कडोदऱ्याला त्याच्या भाच्याचं युनिट होतं, तिथे साच्यातून जमिनी काढणार. एवढं सांगून तो नमुने ठेवून गेला.

नमुने पाच होते: गवत, वाळवंट, खडक, पडकं गाव आणि बर्फ. ते पाहून मी चक्रावलेच. कुणीतरी बसून पडकं गाव बनवलं होतं, तेही मुद्दाम. आमच्या मागच्या गल्लीत ते फुकट मिळत होतं.

बर्फ मी बाद केला. बर्फ आमच्यापैकी कुणी गोळेवाल्याच्या गाडीवर सोडून पाहिलेला नव्हता, आणि न पाहिलेली वस्तू हातून खोटी उतरते. बाकीच्या चारांचं सामान मी दोन दिवसांत जमवलं. वाळू तापीची. ती आधी शिफॉनमधून आणि मग वर उरलेली साडीच्या जाळीतून चाळली की तीन जाडीची निघे. फुटक्या कौलांचे खडक, विटेची भुकटी, डाईंगवाल्याकडून उरलेल्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा. गवताला मात्र वेळ लागला. नायलॉनच्या सुताचा कचरा कात्रीने बारीक कापला तरी तो गोंदावर आडवा पडे, आणि आडवं गवत म्हणजे नुसता मळ. मग एकीने प्लास्टिकच्या डब्याचं झाकण पदरावर घासून सहज वरून धरलं आणि सगळी पाती ताडकन उभी राहिली. आम्ही सहाही जणी मागे सरकलो. त्यानंतर गवताच्या कामाला सिंथेटिक साडी नेसून यायचं ठरलं.

नमुन्यांसोबत सैनिकांची चित्रं होती; त्यांवरून चकती कोणत्या सैनिकाला कोणती, हे ओळखायला मी लवकर शिकले. हातात भाला असेल तर गवत, अंगावर लोखंड असेल तर खडक. जमीन सैनिकापेक्षा उठून दिसता कामा नये. आणि मधोमध दोन पावलं मावतील एवढी जागा सपाट सोडायची, कारण घेणारा तिथेच आपला सैनिक चिकटवणार.

कामाची रांग अशी होती. पहिल्या जागेवर आक्का. ती शिरपूरकडची, अहिराणी बोलणारी, साठीची, आमच्यात सगळ्यात मोठी. तिने चकतीवर गोंद लावायचा, पुढचीने वाळू, तिच्या पुढचीने खडक किंवा वीट, मग गवत, मग फुंकर आणि ब्रश. शेवटी मी तपासून खोक्यात ठेवायची. सेठने दिलेला पुतळा नमुना म्हणून मधे पाटावर उभा केलेला असे.

हा पुतळा साधा नव्हता. त्याला चार हात होते. चारही हातांत शस्त्रं, जबडा उघडा, कमरेला कवट्यांची माळ. आक्काने पहिल्या दिवशी त्याला हात जोडले. मी म्हटलं, आक्का, तो देव नाही, परदेशी खेळातला राक्षस आहे. तिने त्याला पुन्हा नीट पाहिलं. चार हात, हातात शस्त्रं, मुंडक्यांची माळ, आणि देव नाही म्हणतेस, असं ती म्हणाली आणि कामाला लागली. बाकीच्या हसल्या. मीही हसले. तिथेच मी चुकले.

सहाशे चकत्या श्रावण सरायच्या आत झाल्या. इतर माल तयार व्हायचा होता म्हणून खोकी आमच्याच खोलीत पाच आठवडे पडून राहिली. सेठ सोमवारी नेणार म्हणून बुधवारी सकाळी मी लेबलं लावायला पहिलं खोकं उघडलं.

सगळ्यात वर वाळवंट होतं. एका चकतीच्या मधोमध मोहरीएवढं भोक दिसलं. पोपडा उडाला असेल म्हणून बोट लावलं, तर भोकातून सोंड बाहेर आली. सोंडेमागे काळा किडा आला, वाळवंट ओलांडून गेला आणि शेजारच्या खडकावर चढला. मी पुढची चकती उचलली. तिलाही भोक. तिसरीतून एक अर्धा बाहेर आला होता. खोक्याच्या तळाशी वीस-पंचवीस फिरत होते, गवतातून, पडक्या गावातून. मी खोकं सोडून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला किड्यांची भीती नाही. पण ती जमीन मी स्वतः चाळली, वाळवली, तपासली होती. तिच्या आत काही असणं शक्यच नव्हतं.

सुई घेऊन मी एक चकती उकरली. मधोमध, बरोबर पावलांच्या जागी, वाळूखाली तांदळाचा दाणा निघाला. दुसऱ्या चकतीत दाणा. दहा चकत्या उकरल्या, दहा दाणे. दाण्यातल्या अंड्यांचे पाच आठवड्यांत आतल्या आत किडे होऊन बाहेर पडत होते.

दहा वाजता बायका आल्या तेव्हा दाणे मी बशीत मांडून ठेवले होते. कुणी टाकले, असं विचारायची वेळच आली नाही. चौघींनी आक्काकडे पाहिलं. म्हणजे चौघींना ठाऊक होतं.

"टाकात ना मी," आक्का म्हणाली. "मूर्ती उघडी भुईवर कसाले ठेवानी?"

तिचं म्हणणं सरळ होतं. देव मांडायचा तर पाटावर आधी तांदूळ ठेवतात, मग देव. रिकाम्या पाटावर देव ठेवणारी बाई तिने पाहिली नव्हती. चकती म्हणजे पाट. सहाशे पाट, सहाशे दाणे, गोंद लावतानाच एकेक ठेवलेला. तांदूळही घरचे, गावाहून आलेले, जुने. तिने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच. बाकीच्यांना वाटलं होतं की मीच सांगितलं असेल.

मी तिला रागावले का? रागावले. तू आमच्या सगळ्यांच्या हातचं काम घालवलंस, असं तोंडावर म्हणाले. ती उठली, चपला घातल्या आणि लिंबायतला घरी निघून गेली.

मी खोकं घेऊन कारखान्यात गेले. लपवण्यात अर्थ नव्हता. माल परदेशात पोचल्यावर आपोआप चालायला लागला असता. सेठने खोक्यात पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बेन, आ जमीन तो चाले छे," तो म्हणाला.

मी उपाय तयार करून नेला होता. चकत्या दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायच्या. पत्रा असा तापतो की आतला-बाहेरचा एक किडा उरणार नाही. मग भोकं बुजवायची. हे ऐकून सेठ खुर्चीतून उठलाच. खेप बिघडली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं, आता तो पांढरा पडला. सेठ जैन. जीव मारून केलेला माल त्याच्या कारखान्यातून जाणार नव्हता. मी म्हटलं, सेठ, ही चकती ज्याच्या पायाखाली जाणार तो चार हातांनी माणसं कापतो. तो म्हणाला, ते शिसं आहे, हे जीव आहेत.

मी खोक्याचं झाकण लावून घेतलं.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक दाणा अख्खा काढायचा, फिरणारे किडे ब्रशने उचलायचे, आणि सगळं डब्यात घालून जैनांच्या पांजरपोळात द्यायचं. म्हाताऱ्या गुरांसारखीच धान्यातली जिवात, म्हणजे किडेही, तिथे सांभाळतात, हे मला सुरतेत इतकी वर्षं राहून त्या दिवशी कळलं. सोमवारी सकाळपर्यंत मुदत. नाही जमलं तर कडोदरा.

बुधवारी आणि गुरुवारी आम्ही पाच जणींनी फक्त सुई आणि ब्रश चालवला. दाणा फुटू द्यायचा नाही, किडा चिरडू द्यायचा नाही, भोवतीचं गवत मोडू द्यायचं नाही. एकीच्या हातून एक किडा मेला तर तिने तो पदरात लपवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. शुक्रवारी भरायला घेतलं तर जुनी वाळू संपलेली. नवी आणली ती मधे तापीला येऊन गेलेल्या पुरानंतरची, काळपट. चार वेळा धुतली, चिमूटचिमूट विटेची भुकटी मिसळली, तेव्हा कुठे रंग जुळला. पण पाच जणींकडून सहाशे चकत्यांचे मध्य भरून होत नव्हते. गोंद मधेच घट्ट व्हायचा. आक्काच्या हाताला त्याचा अंदाज होता, आमच्या नव्हता.

मी लिंबायतला गेले. माफी मागायला गेले नव्हते, बोलवायला गेले होते. आक्का मटकी निवडत बसली होती. मी म्हटलं, चल, पण दाणा टाकायचा नाही. ती म्हणाली, दाण्याशिवाय ती गोंदाला हात लावणार नाही. देव कोपला तर तो तिच्यावर कोपेल, माझ्यावर नाही. मी म्हटलं, आक्का, पूजेत काही कमी पडलं तर त्याच्या बदली अक्षता वाहतात ना? ती हो म्हणाली. मग अक्षताच नसतील तर त्यांच्या बदली काय वाहायचं?

हे तिला कुणी कधी विचारलं नसावं. ती मटकी निवडत राहिली.

"पानी," ती शेवटी म्हणाली. "पानी सोडतस."

गोंद पातळ करायला पाणी लागतंच. मी म्हटलं, मग ते तूच घाल.

तिने घरून तांब्या आणला. शनिवार-रविवार ती पहिल्या जागेवर बसली, गोंदात पळीने पाणी सोडी, ओठ हलवी आणि चकती पुढे देई. मी चकती उजेडात धरून मध्य पाही. दाणा नव्हता. रविवारी दिवेलागणीला सहाशे पुऱ्या झाल्या.

सोमवारी सेठ स्वतः आला. पहिलं खोकं त्याने उघडून जमिनीवर ठेवलं आणि समोर उकिडवा बसला. आम्ही सहा जणी मागे उभ्या राहिलो. दहा मिनिटं तरी आम्ही सात माणसं वाळवंटाकडे बघत होतो. काही हललं नाही.

"बांधो," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी त्याने पुढच्या खेपेची पुडी माझ्या हातात दिली. मी ती उघडायच्या आत आक्का गोंदाचं भांडं घेऊन जागेवर बसलीही होती.

"या खेपले हात किती शेतस?" तिने विचारलं.

मी बघितलं. एक बंदूक, एक टोपी. दोन, म्हटलं.

"मंग मानूस शे," ती म्हणाली, आणि ओठ न हलवता नळाचं पाणी ओतलं.