साखरबाईच्या हातातली कोकरं

कळस गावच्या शिवारात उसापेक्षा मेंढरं जास्त होती, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी आबाजीचा कळप परत आला की वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दिवसभर कोंडलेली कोकरं एकदम ओरडायची. प्रत्येक कोकरू दूध प्यायला त्याच्याच आईला लावायचं. हे काम आबाजीच्या बहिणीचं, साखरबाईचं. ती जन्मापासून आंधळी. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण पाठीवरून हात फिरवला, कान चाचपला की कोकरू कुणाचं ते ती सांगायची. लग्न झालं नाही. घरात तिला मान होता तो या कामाचा.

त्र्याण्णव साली बारामतीत डोळ्यांचं शिबिर भरलं. जन्माचा मोतीबिंदू आहे, काढून बघू, असं डॉक्टर म्हणाले. भाचा मल्हार, आबाजीचा मुलगा, तिथंच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होता. पट्टी बांधून पडलेल्या आत्याजवळ बसून त्यानं पुस्तकातला प्रश्न काढला.

"आत्या, जन्मापासनं आंधळ्या माणसाला हातानं चेंडू आन् ठोकळा कळतोय. त्याला दिसाय लागलं, तर नुसतं बघून कुठला कंचा ते सांगंल का?"

"सांगंल की. वस्तू तीच हाय."

"युरोपात यावर लई भांडणं झाली. एक पक्ष म्हणतो, ज्ञान अनुभवातनंच येतं, डोळ्याला अनुभव न्हाय, त्यामुळं सांगणार न्हाय. दुसरे म्हणतात, काही कल्पना मनात आधीच असत्यात. आन् एक जण तर म्हणाला, मनाबाहेर वस्तूच न्हाय!"

"मग त्याला भाकरी कोण थापून देत हुतं?"

जाड चष्मा लावून ती मल्हारसोबत घरी आली आणि त्याच संध्याकाळी वाघरीत शिरली. समोर काळे-पांढरे डाग नुसते हलत होते. एक मेंढी कुठं संपते, दुसरी कुठं सुरू होते, कळेना. मग तिनं अंदाज बांधला, पांढऱ्या तोंडाचं कोकरू पांढऱ्या तोंडाच्या मेंढीचं असणार. लावलं. मेंढीनं हुंगलं आणि ढुशी मारून उडवलं. दुसऱ्याचंही तेच.

"वन्सं, डोळं आलं आन् कोकरं गेली!" भावजय द्वारकाबाई हसली.

आबाजी हसला नाही. "साखरे, उद्यापासनं ही करंल. तू बस आता."

बसायचं म्हणजे काय, हे साखरबाईला माहीत होतं. कोपरा आणि आयतं ताट.

"दादा, आजचं तर हुंदे," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. कोकरू उचललं, पाठ, कान, मग त्याची आई. ते प्यायला लागलं तेव्हा डोळे उघडून दोघांकडं टक लावून बघितलं. पुन्हा डोळे मिटले, पुढचं घेतलं. एकेक करत ओरडणं थांबलं.

मल्हार म्हणाला, "पहिला पक्ष बरोबर हाय, आत्या. डोळ्याला शिकावंच लागतं."

"शिकवतीय की. बघत काय उभा ऱ्हायलास, ते कोकरू धर."

आबाजी बायकोला म्हणाला, "तू चुलीकडं बघ. हितं हिचं चालू दे."

त्या हंगामात रोज असंच चाललं, आधी हात, मग डोळे. दिवाळीनंतर ती बांधापलीकडच्या मेंढीला नुसतं बघून नावानं हाक मारू लागली. पुढं शेताला पाणी आलं, ऊस वाढला, कळप विकला. शेवटच्या वर्षापर्यंत कोकरं तिनंच लावली. तेव्हा डोळे उघडे असायचे, पण पाठीवरून हात फिरवल्याशिवाय तिनं एकही कोकरू आईकडं सोडलं नाही.