नवी पक्कड जुनी करताना

सोलापूरच्या दुकानात पक्कड निवडायला मी इतका वेळ लावला, की माझे वडील, अप्पा, बैलांना पाणी पाजून परत आले तरी मी दोन हातांत दोन पक्कडी घेऊन उभाच होतो.

तेव्हा आमच्या मुरुमला कापसाच्या जिनिंगमध्ये तेलाच्या इंजिनावर वीज तयार व्हायची. तिथल्या वायरमन मिस्त्रींच्या हाताखाली मला शिकायचं होतं. मिस्त्री गुलबर्ग्याकडचे, बोलणं दखनी. त्यांनी एकच अट घातली होती. "औजार तेरे, पसंद भी तेरी. मैं कुछ नहीं बताता. देखके बोलूँगा, रखना के भगाना."

अप्पांचं धान्याचं दुकान होतं आणि मी गादीवर बसावं असं त्यांना वाटायचं. तरी ते गाडी जुंपून माझ्याबरोबर निघाले.

मी दोन्ही पक्कडी मिटून उजेडाकडं धरल्या. एकीच्या जबड्यातून उजेडाची रेघ दिसत होती, दुसरीच्या दिसत नव्हती. ती दुसरी घेतली. स्क्रू पिळायचा पेचकस बघताना मूठ उलटी करून पाहिली. काहींचं लोखंड मुठीच्या बुडातून बाहेर आलेलं होतं. तसला पेचकस विजेच्या तारेला लागला तर करंट थेट तळहातात येणार. बंद बुडाचा घेतला. दुकानदार अप्पांना म्हणाला, "सावकार, पोरगं पोरगी बघायला आलंय काय?"

परतताना नाक्याच्या अलीकडं, विहिरीपाशी भाकरी खायला थांबलो. अलीकडं इंग्रजी मुलूख, पलीकडं निजामाचा. मध्ये करोडगिरीचा नाका. नव्या मालावर जकात लागायची. शेजारी चूल पेटवून बसलेला एक गाडीवान माझी हत्यारं बघून म्हणाला, "एवढं चकचकीत घिऊन निघालाव व्हय? जुनं दिसलं तर सोडतेत. हितं लई जण काळं करून नेतेत."

अप्पा म्हणाले, "बेडप्पा, नको तसलं. काय लागंल ते भरू."

मी ऐकलं नाही. चुलीतल्या निखाऱ्यांत पक्कड ठेवली आणि चांगली काळी होईपर्यंत राहू दिली. लाकडी मुठीमुळं पेचकस तेवढा बाजूला ठेवला आणि त्याला माती चोळली.

नाक्यावरच्या कारकुनानं पिशवी उघडून विचारलं, "ये क्या है?" अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, गळ्यातल्या लिंगाच्या करडगीवर, त्या चांदीच्या डबीवर, हात ठेवला आणि म्हणाले, "पोराची जुनी हत्यारं हायती, साहेब." कारकुनानं पिशवी परत दिली. तराजूची दांडी कधी बोटानं न हलवलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी अप्पाही जिनिंगवर आले. मिस्त्रींनी पेचकसाचं बूड पाहून मान हलवली. पक्कड मिटून उजेडाकडं धरली. "अच्छी चुनी." मग तिच्या धारेत एक लोखंडी तार धरून दाबली. तार तुटली नाही. धारेलाच खड्डा पडला.

"इसका पानी उतरा हुवा है, लोहा नरम पड गया. दुकानवाला फसाया क्या तेरेकू?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण अप्पा शेजारी उभे होते. एक खोटं त्यांनी कालच माझ्यासाठी उचललं होतं. मी म्हणालो, "नाही. म्याच चुलीत घातली. जकात चुकवायला."

मिस्त्री खोकला येईपर्यंत हसले. "चूल्हे में पक्कड? सालन पकाया क्या रे?" मग हसणं थांबवून म्हणाले, "काटनेवाली ला. तब तक नको आ."

अप्पा म्हणाले, "दुसरी आणू." मी नको म्हणालो. नवी आणायला पुन्हा त्याच नाक्यावरून यायचं होतं, आणि त्यांना तिथं पुन्हा उभं करायची माझी तयारी नव्हती.

मी गावच्या लोहाराकडं गेलो. तो म्हणाला, "पाणी दीन, पण तडकली तर मला बोल लावू नगंस. आन् आधी भाता ओढ." मी भाता ओढू लागलो. हातांना फोड आले, ते फुटले, तरी रोज गेलो. मग एका सकाळी त्यानं पक्कड मागितली. आधी माझ्याकडून कानशीनं धारेतला खड्डा घासून काढवला. मुठींना ओलं पोतं गुंडाळून नुसता जबडा लाल केला आणि तेलात बुडवला. पुन्हा हळू तापवताना मला म्हणाला, "कडब्यावाणी पिवळा रंग आला की वरड. उशीर केलास तर गेली." मी पापणी न लववता बघत राहिलो आणि रंग चढताच ओरडलो.

ती घेऊन मी तसाच काळ्या हातांनी जिनिंगवर गेलो. मिस्त्रींनी तसलीच तार पुढं केली. मी दाबली. तार तुटून तुकडा इंजिनाच्या चौथऱ्यावर पडला. मिस्त्रींनी अंगठ्यानं धार चाचपली, मग माझे हात उलटे करून तळवे पाहिले.

"फोड सूखने दे," ते म्हणाले. "तब तक सीढी पकड. ऊपर मैं चढता."

मी शिडी धरली.