लाल फुली मारलेली नाव

पावसाळ्याआधी नर्मदेचे घाट मोकळे करा, असा आदेश निघाला आणि बेवारस नावांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फुटक्या, चिखलात रुतलेल्या नावा पुरात वाहत जाऊन पुलाच्या खांबांना अडकतात, म्हणून त्या काढायच्या. मी ऑफिसात नवी होते आणि नव्या माणसाला असतो तेवढा जोर मला होताच. लाल रंगाचा डबा घेऊन दोन दिवस उन्हात फिरले. नावेवर फुली मारायची, फोटो काढायचा, नोटीस चिकटवायची. पंधरा दिवसांत मालक आला नाही, तर जेसीबीने उचलून नाव रिछाईच्या कारखान्यांच्या भागात, भंगारात.

उचलायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना फोटो दाखवले. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले. नोकरीभर दर रविवारी ते घाटावर पोहायला जायचे. मला खरं तर शाबासकी हवी होती. एका फोटोपाशी ते थांबले. काठाला लागून पाण्यात बसलेली लाकडी नाव, आत दगड.

"ही काहून घेतली तू?"

"बुडालीय, बाबा. पोरांनी दगडही टाकलेत तिच्यात."

"पोरं असे ओळीनं टाकतात का? अगं, उन्हाळ्यात नाव कोरडी राहिली तर फळ्या वाळतात, सांधे उघडतात. गावाला जायचं असलं की लोक दगड भरून मुद्दाम पाण्यात बसवून जातात. चांगली नाव आहे ती. आणि तू तिला भंगारात धाडून राहिली!"

मी फोटो मोठा करून पाहिला. फोटोत दगड खरंच नीट मांडलेले होते. घाटावर दहा नाववाले बसलेले असतात, त्यांतल्या एकालाही मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला यातलं काही कळत नाही, हे दिसलं असतं ना! जेसीबीच्या ठेकेदाराला फोन लावला, बंद. ऑफिसातल्या साहेबांना लावला, तर ते म्हणाले, "चलो, सुबह देखते हैं." त्यांचं काय जात होतं? त्या नावेवर कोणाचं तरी घर चालत होतं आणि फुली माझ्या हातची होती.

काम आठला सुरू होणार होतं. मी सहालाच नेपियर टाउनातल्या घरून स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलवर हॉर्न वाजवत होते. पुढच्या ऑटोवाल्याला मी नाही नाही ते बोलले. पोचले तर मशीन सुरू होतं. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून ठेकेदार लवकर आला होता. नाव साखळीला लटकत होती, पाण्याच्या धारा लागल्या होत्या, दगड धबाधब खाली पडत होते. मी ओरडले, पण ड्रायव्हरला ऐकू जाईना. शेवटी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरून मशीनसमोर उभी राहिले. त्याने नाव खाली घेतली, तेवढ्यात बाजूची एक फळी खाडकन तडकली.

शेजारच्या नावेचा नाववाला आदल्या रात्रीच गावाहून परतला होता, त्याने मालकाला फोन केला. मालक जवळच्या पनागर गावी मुलीच्या बाळंतपणासाठी गेला होता. दहाच्या सुमारास बसने आला. म्हातारा, काटकुळा. तो नावेत उतरला आणि तडकलेल्या फळीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिला. चूक माझी आहे, हे सांगायचं वाक्य मी मनात चारदा म्हणून ठेवलं होतं.

त्याची नजर फुलीवर गेली. "किस अंधे ने निशान लगाया?"

मी तोंड उघडणार, तोच शेजारचा म्हणाला, "पता नहीं. पर रुकवाई इन्हीं मैडम ने. पानी में उतर गईं."

म्हाताऱ्याने माझ्यापुढे हात जोडले. "बिटिया, आप न होतीं तो मेरी नाव गई थी."

"कोई बात नहीं," मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले. त्याची लाज मला आजही वाटते.

फळी बदलून झाली, नाव पुन्हा चालायला लागली. मी आणि बाबा घाटावर गेलो की तो म्हातारा हाका मारून बोलावतो, भाडं घेत नाही आणि नावेतल्या इतरांना सांगतो की हीच ती, जिने नाव वाचवली. मी हसते. बाबा माझ्या शेजारीच बसलेले असतात. ते पाण्याकडे बघत राहतात.