पडद्यामागचा चौथा क्रमांक

बाईंच्या घरातली सगळ्यात ऐसपैस जागा त्यांच्या डबल बासने, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावाने, अडवली आहे. माणसाहून उंच, पोट सुटलेला, कोपऱ्याला टेकलेला. बाईंची आई त्याला घरजावई म्हणते. "संध्याकाळी दोन तास काम, बाकी दिवसभर नुसता रेलून!" बाई मनावर घेत नाहीत. सकाळी विद्यापीठात शिकवायचं, संध्याकाळी वाद्यवृंदात सगळ्यांच्या मागे उंच स्टुलावर बसून खर्ज सांभाळायचा, आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही तरी कुरकुरायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

त्या दिवशी मात्र त्यांना चैन पडत नव्हतं. वाद्यवृंदात त्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी परीक्षा होती. त्यांची लाडकी विद्यार्थिनी तिसऱ्यांदा नशीब आजमावत होती. या वेळीही हुकलं तर वाद्य विकून मामाच्या दुकानात बसेन, असं तिने सांगूनच टाकलं होतं.

परीक्षेची पद्धत कडक. मध्ये जाड पडदा, पलीकडे वाजवणारा, अलीकडे परीक्षक, त्यांत बाईही. पावलांवरून ओळख पटू नये म्हणून खाली सतरंजी. तरीही आपला विद्यार्थी ओळखू आलाच, तर त्या परीक्षकाने गुण द्यायचे नाहीत.

पहिला धडपडला. दुसऱ्याच्या वेळी गज तारेवर टेकण्याआधी पडद्यामागून नाकाने जोरात ओढलेला श्वास ऐकू आला. बाई चपापल्या. ही तर त्यांचीच खोड, आणि पोरीने ती जशीच्या तशी उचलली होती! त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारी बसलेल्या वाद्यवृंदाच्या संचालकांना हळूच सांगितलं, "ही माझी. मी गुण देत नाही." वाजवणं तर यथातथाच होतं. खालच्या सुरांत नुसती घरघर. बाईंचा जीव तिळतिळ तुटला.

तिसरा बरा गेला. चौथ्याने गज टेकवला आणि खर्ज असा भरून आला की बाई खुर्चीत सावरून बसल्या. कुठे घाई नाही, कुठे मिजास नाही. कोणाच्या हाताखाली शिकलाय हा? त्यांना चक्क हेवा वाटला. पोरीसाठी वाईट वाटत असतानाच त्यांनी हात आखडता न घेता पैकीच्या पैकी गुण दिले.

पडदा सरला. दुसरा क्रमांक निघाला परगावचा एक धिप्पाड गडी, सर्दीने नाक लालबुंद झालेला. आणि चौथ्याच्या जागी पोर उभी! बाईंचा आ वासलेलाच राहिला. संचालक पोट धरून हसले. "अहो, तुमचे गुण वजा केले तरी तीच पहिली!"

बाई तरातरा तिच्यापाशी गेल्या. "अगं, मी तुला ओळखलंच नाही!"

"मॅडम, दोनदा तुमच्यासारखं वाजवलं आणि दोनदा आपटले. म्हटलं, या वेळी स्वतःसारखं वाजवून आपटू."

बाईंना आधी झोंबलं. इतकी वर्षं घसा कोरडा केला तो यासाठी? मग त्यांचे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना. स्वतःच्या नेमणुकीलाही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

"हे मॅडम-बिडम आता बंद. शेजारणीला कोणी मॅडम म्हणतं का?"

"मग काय म्हणू?"

"ताई म्हण. आणि तो खालचा सूर कसा लावलास, ते मला दाखव."