पावण्याला फटीतून पाणी

मुलांनो, गणवेश दिसला की तुम्ही लगेच दार उघडता, असं काल फोनवर कळलं, आणि आज नव्या माठात वाळा टाकताना त्याच्या वासाने मंचरच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली. नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता, खाली कांद्याचे ट्रॅक्टर उभे होते आणि घरात मी आणि तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघीच होतो. बेल वाजली, तशी साखळी लावूनच मी दार किलकिलं केलं. खाकी कपड्यांतला एक माणूस म्हणाला, "वीज ऑफिसातून आलोय, आतलं वायरिंग बघायचंय." मी म्हटलं, "थांबा, बिलावरच्या नंबरला फोन करून विचारते." पणजींना ते मुळीच रुचलं नाही. "पावण्याला दारात उभं ठेवत्यात व्हय? पाणी तरी दे," म्हणत त्या स्वतःच साखळी काढायला निघाल्या. त्यांच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. मी त्यांना अडवलं, "आई, पाणी फटीतून द्या." नाक मुरडत त्यांनी माठातल्या वाळ्याच्या पाण्याने निमुळता पेला अर्धाच भरून बाहेर सरकवला आणि विचारलं, "कुठलं पावणं?" "ओझरचा." "ओझरात कुनाच्या घरातलं?" इकडे मी नंबर फिरवत होते. तो घटाघटा प्यायला आणि पेला उंबऱ्यावर ठेवून तरातरा जिना उतरला. ऑफिसने कोणालाच पाठवलं नव्हतं. पणजींनी आधी पाटल्या चाचपल्या, मग त्या म्हणाल्या, "चोर आसंल मेला, पन लई तहानलेला व्हता गं." त्या गेल्या, फ्लॅटही विकला. ओळख पटेपर्यंत साखळी न काढण्याची आणि तोवर फटीतून पाणी देण्याची पद्धत मात्र आमच्या घरी अजून आहे.