सरळ रेषेत सहाशे मीटर, रस्त्याने एकेचाळीस किलोमीटर

गच्चीवरची टाकी भरली की आपोआप बंद होणारा पंप. मुलीच्या अभ्यासाचं टेबल, ज्याचा एकही पाय आजवर डुगडुगलेला नाही. व्हॅनच्या मागच्या सीटखाली सरकणारा स्टोव्हचा ट्रे. जिल्ह्यात ठिकठिकाणी लपवलेले पत्र्याचे डबे, झाकणाला रबरी वायसर बसवलेले, ज्यांच्या आत आजपर्यंत पावसाचा थेंब गेलेला नाही. आणि एका वेबसाइटवरचं शोधाचं पान. हे सगळं मी माझ्या हातानं केलेलं आहे आणि यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. प्रोग्रॅमिंग मी चाळिशी उलटल्यावर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून शिकलो.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकानं कुठंतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. दुसऱ्यानं तो हुडकून काढायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. एवढंच. बक्षीस नाही. माझे शेजारी याला वेड म्हणतात. ते रोज संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसतात, त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

आमच्या वेबसाइटवरचं शोधाचं पान मी लिहिलं आणि सहा वर्षं ते बिनतक्रार चाललं. यंदा वेबसाइट पुण्याच्या एका कंपनीनं घेतली. मग पत्र आलं, की ‘शोधाचा अनुभव सुधारण्यासाठी’ नवीन पान येत आहे आणि जुनं काढून टाकण्यात येईल. जुनं म्हणजे माझं. मी उत्तर दिलं, आधी सोलापुरात येऊन तुमची सुधारणा चालवून दाखवा. त्यांनी खरंच एक माणूस पाठवला. हृषीकेश, वय तिशीचं, पांढरे शुभ्र बूट. नवीन पान त्याच्याच देखरेखीखाली झालेलं.

करार असा ठरला. दोन दिवस, तीन जागा. त्यानं त्याच्या पानावर हुडकायचं, मी माझ्या. एकमेकांना सूचना द्यायची नाही. माझं सरस ठरलं तर माझं राहील, नाहीतर मी गप्प बसायचं. पंच म्हणून माझी बायको महानंदा आली. ती म्हणाली की तुम्ही हरलात तर घरी येऊन आठवडाभर माझं डोकं खाणार, त्यापेक्षा प्रत्यक्ष बघितलेलं बरं.

पहिला दिवस: मैंदर्गी

मे महिन्यात निघणार असाल तर उजाडायच्या आत गाडी काढा. अक्कलकोटपर्यंत रस्ता रुंद आणि चांगला आहे, पुढे मैंदर्गीपर्यंत अरुंद, पण जाता येतो. बाजाराच्या दिवशी गावात चारचाकी घालू नका, अलीकडेच लावा. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली तर दुपारपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पाणी मात्र भरपूर घ्या.

काम सोपं होतं. मैंदर्गीत उभं राहून सगळ्यात जवळचा डबा काढायचा. हृषीकेशच्या पानानं आधी राज्य विचारलं. राज्य निवडल्याशिवाय ते पुढं सरकतच नाही. त्यानं महाराष्ट्र निवडलं आणि पानानं आम्हाला आलो त्या रस्त्यानं अक्कलकोटकडं परत पाठवलं. माझ्या पानानं पाच किलोमीटरवरचा डबा दाखवला, सीमेपलीकडं, कर्नाटकातला. इथल्या माणसाचं शेत एका राज्यात आणि सासुरवाडी दुसऱ्या राज्यात असते. डब्याला कुठली आली सीमा? मी त्याला विचारलं, राज्य निवडायची सक्ती कशासाठी? तो म्हणाला, त्यानं डेटा स्वच्छ राहतो. डेटा स्वच्छ राहतो आणि माणूस उन्हात हिंडतो.

डबा एका बांधावरच्या दगडांच्या खाचेत होता, दोन मिनिटांत सापडला. परत येताना चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं आमचे धुळीनं भरलेले हात बघून कन्नडमध्ये विचारलं, “एन हुडकाकत्तीरी?” काय हुडकताय, असं. मी त्याच्याच भाषेत सांगितलं, डबा. मग तो मराठीवर आला.

“डब्यात काय हाय?”

“कागद आणि पेन्सिल.”

“दुकानात मिळत्यात की वो. दहा रुपायला.”

महानंदा चहा सांडेपर्यंत हसली. पंचानं इतकं हसू नये असं माझं मत आहे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवतो. हृषीकेशच्या पानावरची अक्षरं मोठी आहेत. महानंदाला ती चष्म्याविना वाचता आली, माझी आली नाहीत. घरी आल्यावर जेवायच्या आधी मी माझ्या पानावरची अक्षरं वाढवली. चूक दाखवली की दुरुस्त करायची, एवढं मला येतं.

दुसरा दिवस, सकाळ: चिंचोळी एमआयडीसी

पुण्याच्या रस्त्याला लागलं की चिंचोळी अर्ध्या तासाच्या आत येते. इथला डबा माझा आहे. नवीन पानावर तो यादीच्या तळाशी होता, कारण त्या यादीत डबे ताऱ्यांप्रमाणे लागतात आणि या डब्याला कुणीतरी एकच तारा दिला होता. खाली शेरा लिहिला होता: ‘व्ह्यू नाही.’ कारखान्यांच्या वसाहतीत हा माणूस व्ह्यू मागतो. बॉयलरच्या चिमणीमागं याला सूर्यास्त पाहिजे. अशा माणसाच्या मतावर यादी लावायची आणि त्याला सुधारणा म्हणायचं. त्या पानावर ‘सेल्फीसाठी उत्तम’ असंही एक बटण आहे. मी ते दाबलं नाही.

माझ्या पानावर तारे नाहीत. तिथं लिहिलेलं आहे की पाळी बदलताना जा, तेव्हा गर्दी असते आणि कुणी कुणाकडं बघत नाही. हृषीकेश गेला पाळी सुरू झाल्यावर, रस्ता मोकळा असताना. फोन तोंडासमोर धरून तो एका कारखान्याच्या भिंतीला लागून चालत होता. वॉचमननं त्याला हटकलं आणि सर्व्हे कसला करताय, जागा कुणी विकायला काढली, मालकाला माहीत हाय का, अशी चौकशी सुरू केली. जिओकॅशिंग म्हणजे काय ते त्याला समजावून सांगताना हृषीकेशचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. मी सावलीत उभा होतो. सूचना द्यायची नाही असा करार होता.

तेवढ्यात महानंदा चहाच्या टपरीमागून डबा घेऊनच आली. तिनं कुठलंच पान उघडलं नव्हतं.

“तुम्ही लपवलाय म्हटल्यावर कमरेच्या उंचीला आणि उजव्या हातालाच असणार,” ती म्हणाली. “घरातल्या किल्ल्यासुद्धा तिथंच असतात.”

पंचानं खेळायचं नसतं. ही फेरी मी रद्द धरली.

दुसरा दिवस, दुपार: उजनीचा काठ

टेंभुर्णीच्या पुढं मुख्य रस्ता सोडला की ऊस आणि केळी सुरू होतात. गावाचं नाव देत नाही, दिलं तर डबा फार सोपा होईल. रस्ता डांबरी आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही कडा खाल्ल्यात. पाहुण्यानं हॉर्न वाजवून उपयोग नाही, ट्रॅक्टरवाल्याचा स्पीकर तुमच्या हॉर्नपेक्षा मोठा असतो.

पावसाळ्याच्या शेवटी इथं पाणी अगदी उसाला टेकतं. मे महिन्यात ते खूप आत सरकतं आणि जितकं सरकतं तितक्या शेतकरी मोटारी पुढं नेतात, पाइपाला पाइप जोडत. मधे उरतो तो गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला, फरशी घातल्यासारखा दिसणारा. खाली ओला. काठावरच्या माणसाला तो कुठं माणूस पेलतो आणि कुठं पेलत नाही हे ठाऊक असतं. बाहेरच्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

आम्ही उभे होतो तिथून डबा दिसत नव्हता, पण जागा दिसत होती. पाण्याच्या एका आटलेल्या अरुंद फाट्यापलीकडं बाभळीचा उंचवटा. तोही डबा मीच ठेवलेला. माझ्या पानावर महिना निवडता येतो, ते आजवर दुसऱ्या कुठल्या पानावर मी पाहिलेलं नाही. मे निवडल्यावर तिथं येतं: ‘या काठावरून जाऊ नका, गाळ. पलीकडच्या काठानं या, रस्त्याने एकेचाळीस किलोमीटर.’ हे अंतर मी गाडी चालवून मोजलेलं आहे, नकाशावर बोट ठेवून नाही. हृषीकेशचं पान म्हणत होतं: ‘सहाशे मीटर. अगदी जवळ!’ शेजारी चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र.

मी गाडीत बसून वळसा घेणार होतो. तो पांढऱ्या बुटांनी काठ उतरला आणि मी करार मोडला. ओरडून सांगितलं की पुढं जाऊ नकोस, खाली ओलं आहे.

तो वळून हसला. “काका, सूचना द्यायची नाही असं ठरलंय ना?”

त्याला वाटलं मी त्याला मुद्दाम थांबवतोय. पुन्हा हाक मारली तेव्हा त्यानं नुसता हात हलवला. जरा अंतर नीट गेला. मग एक पाय घोट्यापर्यंत गेला, तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर तो गुडघ्यापर्यंत. बघता बघता तो मांडीपर्यंत रुतला आणि धडपडायला लागला, म्हणजे नेमकं करू नये तेच.

मोटारीजवळ एक वयस्क शेतकरी पाइपाचा जोड आवळत होते. गावात त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी एकदाच बघितलं.

“आवं, हलू नगा! आडवं व्हा, आडवं!” आणि मग मला, “तुमी बगत काय ऱ्हायलाय, पाइप धरा की.”

मी आणि तात्यांनी दोन लांब पाइप उचलून गाळावर शेजारी शेजारी टाकले. मी पोटावर पडून त्यावरून पुढं सरकलो. तात्या मागून माझे पाय धरून होते आणि महानंदा तात्यांचा सदरा. हृषीकेशचा हात माझ्या हातात आला तेव्हा तो थंडगार होता, त्या उन्हात. तो काही बोलत नव्हता. खिशातला फोन बोलत होता. साडेपाचशे मीटर राहिले, सरळ जा.

बराच वेळ लागला. एक बूट गाळातच राहिला. बाहेर आल्यावर हृषीकेश काठावर बसून रडला, आणि त्याबद्दल मला काहीही टोमणा मारायचा नाही. तात्यांनी मोटार चालू करून त्याला पाइपाच्या धारेखाली उभं केलं.

“मागल्या साली म्हैस गेली हितं,” ते म्हणाले. “लई मोठी हुती. न्हाय निघाली.”

तात्यांना मी पैसे देऊ केले, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाकीट खिशात ठेवलं. दुकानात मोटार पाठवा, वाइंडिंग करून देतो म्हणालो. ते त्यांना पटलं.

धरणाजवळ चिलापी मासा चांगला मिळतो म्हणतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे चवीबद्दल बोलत नाही. हृषीकेशनं थाळी मागवली, दीडशे रुपये. आधी नुसता ताटाकडं बघत बसला, मग सगळी संपवली. ती संपवून तो बाहेर गेला आणि पुण्याला फोनवर बोलत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, “काका, तुम्ही जिंकलात. महिना आणि रस्त्याचं अंतर, दोन्ही आम्ही घेतोय. तुमच्याकडून विकत.”

खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. महानंदानं टेबलाखाली माझा हात दाबला. सहा वर्षं दुकानात बसून केलेलं काम पुण्याच्या कंपनीला शिकून-सवरून जमलं नव्हतं.

मग त्यानं पुढचं सांगितलं. या दोन्ही सोयी वर्गणी भरणाऱ्या सभासदांना मिळतील. बाकीच्यांना आहे तेच पान, सरळ रेषेतलं.

मी विचारलं, “म्हणजे पैसे भरले नाहीत तर गाळाचं कळणार नाही?”

“तसं नाही काका. खाली डिस्क्लेमर असेल. आपापल्या जबाबदारीवर जा, असं.”

त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात हॉटेलवाल्यानं दिलेली स्लीपर. हे वाक्य तो त्या पायांवर उभा राहून बोलला. बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. माणूस वाईट नाही. कंपनीनं सांगितलेलं पोचवत होता, आणि ते आपल्याच तोंडून ऐकून बहुधा त्यालाही कसंसंच झालं असावं. पण पोचवलं तरी.

टेंभुर्णीला त्याला पुण्याच्या बसमध्ये बसवलं आणि आम्ही सोलापूरकडं वळलो.  मोहोळजवळ महानंदानं रक्कम विचारली. हृषीकेशनं बसमध्ये चढताना मला सांगितली होती, ती मी तिला सांगितली. ती म्हणाली, वरची खोली झाली असती त्यात, संडासासकट. मी हो म्हणालो. सोलापूर जवळ आल्यावर ती म्हणाली, त्या पोराचा हात किती गार होता हो. बस, एवढंच.

आता तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर. मैंदर्गी हिवाळ्यात करा. चिंचोळीला पाळी बदलताना जा. उजनीचा डबा जूनपर्यंत पलीकडच्या काठानंच करा, आणि गाळ कितीही वाळलेला दिसला तरी काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. एक तारखेपासून माझं पान कंपनीच्या वेबसाइटवर नसेल. ते दुकानातल्या कॉम्प्युटरवरून चालेल आणि याच ब्लॉगच्या माथ्यावर सापडेल. थोडं हळू चालेल, कारण त्याच कॉम्प्युटरवर बिलंही होतात. दुकानाची वीज गेली तर थांबावं लागेल. महिना, गाळ आणि रस्त्याचं अंतर मात्र सगळ्यांना दिसेल, अक्षरं मोठी, पैसे नाहीत.

कंपनीचं पत्र काल आलं. शोधाचं पान सर्व हक्कांसह द्यावं, आणि ते माझ्यातर्फे इतरत्र कुठंही फुकट दिसू नये. मी एका ओळीत नकार कळवला. त्यांनी देऊ केलेली रक्कम साडेचार लाख रुपये होती.