मान हलवली आणि कोकरू शिजलं

मद्रासजवळच्या गिंडीच्या कारखान्यातून मला मशीनच्या ट्रेनिंगला युगोस्लाव्हियाला धाडलं होतं, तेव्हाची ही गंमत. साठचं दशक... मद्रासचा माणूस आणि अंगात उसना ओव्हरकोट! मांसाला शिवणार नाही, असा निघताना आईला शब्द दिला होता.

तिथला सहकारी रमिझ एका रविवारी मला त्याच्या गावी घेऊन गेला. मॅसिडोनियाच्या डोंगरात, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात वसलेलं गाव. एकाच गल्लीत मशीद आणि चर्च... झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका अल्बेनियन, तुर्की आणि मॅसिडोनियन अशा तीन भाषांत एकमेकींची थट्टा करत होत्या. मला तर देऊळ-मशीद शेजारीशेजारी असलेल्या आमच्या मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत आल्यासारखंच वाटलं.

रमिझ लाकडं आणायला गेला. तेवढ्यात त्याच्या आईने अंगणातल्या कोकराकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, खाणार ना? मी जोरजोरात मान हलवली... नाही, नाही! माउली केवढी खूश झाली. मला वाटलं, चला, सुटलो.

दुपारी ताटात बघतो तर कोकराचं मटण! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. रमिझला हळूच सांगितलं, तर तो पोट धरून हसला.

"अरे, आमच्याकडे अशी मान हलवली की 'हो'!"

मग त्याने आईला सगळं सांगितलं. ती उठली आणि तडक बाहेर निघून गेली. रमिझकडून कळलं, सणासाठी राखलेलं कोकरू माझ्यापायी गेलं होतं... मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आली ती हातात मातीचं भांडं घेऊन. शेजारच्या वेसाबाईंचा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, म्हणजे मांस नाही, दूध-लोणीसुद्धा नाही. त्यांच्याकडची तेलात शिजवलेली घेवड्याच्या दाण्यांची उसळ ही मागून आणायला गेली होती.

वाढता वाढता ती काहीतरी म्हणाली. रमिझने इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणतेय, वेसाला सध्या मटण चालत नाही, मला डुक्कर कधीच चालत नाही. तुला काय चालत नाही तेवढं सांग की बाळा... घाबरतोस कशाला?"

आणि स्वतःचं मटण बाजूला सारून तीही माझ्यासोबत तीच उसळ जेवली. त्या घासांची माया मी अजून विसरलेलो नाही.

मद्रासला परतल्यावर आईने दारातच विचारलं, "शब्द पाळलास ना रे?"

म्हटलं, मी कसला पाळतोय गं... तो रमिझच्या आईने पाळला.